गोव्यात बेटावर राहायचं आणि समुद्रही हवा – चार रात्री कशा बसवाव्यात?

कोल्हापूरची_मंडळी

नमस्कार. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बुधवारी पहाटे निघून रविवारी रात्री घरी, अशा चार रात्री गोव्यात काढायच्या आहेत. शुक्रवारी पौर्णिमा आहे. आम्ही दोघं, ९ आणि १३ वर्षांची मुलं आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, वीस-पंचवीस पायऱ्या म्हणजे तिला पुरे. स्वतःची सात सीटची गाडी आहे. पोहता कुणालाच येत नाही. कळंगुट-बागाची गर्दी नको.

दिवाडी बेटाचे फोटो पाहिल्यापासून घरात एकच धोशा आहे: बेटावरच राहायचं, सकाळी उठून चालत किनाऱ्यावर जायचं. शिवाय जुने गोवे, एखादं देऊळ, मुलांसाठी पक्षी, जमलं तर दूधसागर आणि स्नॉर्केलिंग. एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून हे सगळं होईल का? गाडी फेरीवर चढते का? यातलं काय गाळावं?

माशेलकार

आधीच सांगून टाकतो, दिवाडीला समुद्र नाही. ते मांडवीतलं बेट आहे. भोवती नदी, खाजन (बांध घालून राखलेली खारी शेतजमीन) आणि तिवरं, म्हणजे खारफुटी. चोडण, जुवे, कुंभारजुवे यांचंही तेच. कुंभारजुव्याच्या कालव्यात तर मगरी आहेत, तिथे पाण्यात हातसुद्धा घालायचा नाही. समुद्रातली बेटं म्हणाल तर ग्रँड आयलंडवर मुक्कामाची सोय नाही, बोटीनं जाऊन यायचं. अंजदीव नौदलाकडे आहे, तिथे पर्यटकांना प्रवेश नाही. म्हणजे बेट आणि चालत किनारा हे दोन्ही एका खोलीच्या भाड्यात मिळत नाही. दोन रात्री बेटावर, दोन रात्री दक्षिणेच्या किनाऱ्यावर, अशी विभागणी करा.

फोटोतली हिरवीगार दिवाडी पावसाळ्यातली असते, हेही लक्षात ठेवा. जानेवारीत कापणी होऊन गेलेली असते, बरीच खाजनं तपकिरी किंवा पाण्यानं भरलेली दिसतात. मला स्वतःला ती तशीच जास्त आवडतात, कारण पाखरं तेव्हाच उतरतात. पण मुलांना आधी सांगून ठेवा.

दिवाडीला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि पलीकडे डिचोली तालुक्यातलं नार्वे, अशा तीन धक्क्यांवरून फेरी आहे. गाडी चढते. नदी ओलांडायला पाच-सात मिनिटं पुरतात, वेळ जातो तो रांगेत. सकाळी कामाला जाणाऱ्यांची आणि संध्याकाळी परतणाऱ्यांची गर्दी टाळा. आई-बाबांना गाडीतून उतरवायचं तर धक्क्याचा उतार सुरू होण्याआधीच उतरवा. उतारावर शेवाळ असतं आणि गुडघे दुखणारा माणूस तिथेच घसरतो. ओहोटीला फेरी खाली जाते, उतार लांब आणि तिरका होतो. सहा माणसं आणि सामान भरलेल्या गाडीचा मागचा भाग नेमका तेव्हाच घासतो. माणसं पायी आत गेली की गाडी उचलली जाते, मग पहिल्या गिअरमध्ये सावकाश चढवा. फेरीवर कर्मचारी दाखवेल तिथेच लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद. चारचाकीसाठी सुटे पैसे जवळ असू द्या. पेट्रोल फेरीवर चढण्याआधीच भरून घ्या.

गुरुवारचा दिवस बेटांना द्या आणि गोल फिरा. सकाळी दिवाडीहून फेरीनं रायबंदर, तिथून दुसऱ्या फेरीनं चोडण. धक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम १.८ चौ. किमी. तिवरांतून बांधलेली पायवाट आहे, आईंना जमेल. निरीक्षण मनोऱ्यावर त्यांना चढवू नका. तिवरांतल्या खाड्यांतून होडी फक्त भरतीला फिरते, ओहोटीला चिखलात रुतते. उलट चिखलातले खेकडे, निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे) आणि तो चिखल टोचणारे तुतवार पक्षी बघायचे तर पाणी उतरायला हवं. म्हणून भरती संपता संपता होडीत बसा आणि पाणी ओसरताना पायवाटेवर रेंगाळा, दोन्ही मिळतं. डासांचं मलम विसरू नका.

तिथून चोडण ओलांडून रस्त्यानं मये. तलावाशी जेवणाएवढं थांबून नार्व्याला जा. नार्व्याचं श्रीसप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं दैवत. त्याचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते पोर्तुगिजांनी पाडलं. आत्ताच्या देवळाची उभारणी शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवली. अलीकडेच जीर्णोद्धार झाला आहे. देऊळ लहान आणि शांत आहे, त्याला अर्धा तास पुरतो. नंतर नार्व्याच्या धक्क्यावरून फेरी घेतली की थेट दिवाडीत. दिवाडीच्या टेकडीवरच्या चर्चपर्यंत गाडी जाते, सूर्यास्त तिथून बघा. एकदा गेलेला रस्ता पुन्हा लागत नाही आणि पणजीच्या गर्दीत शिरावंही लागत नाही.

रायबंदरचा_धक्का

माशेलकारांचा गोल उत्तम आहे, पण सत्तरीच्या पुढची माणसं बरोबर असताना दिवाडीवर मुक्काम करावा का, याबद्दल माझं मत वेगळं आहे. रात्री उशिरा फेऱ्या थांबल्या की बेट बंद. गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला, म्हणजे नदीच्या अलीकडे. रात्री छातीत दुखलं तर आधी फेरीची सोय पाहावी लागणार. जेवणाची ठिकाणंही मोजकीच, घरगुती मुक्कामात सकाळी सांगितलं नाही तर रात्री ताटात काही येत नाही. रायबंदरला किंवा जुन्या गोव्यात खोली घेतली तरी बेटं दहा मिनिटांवरच आहेत.

तरीही राहायचंच असेल तर बाबांची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. त्या आठवड्यातली शेवटची फेरी कितीला आणि रात्री गरज पडली तर कुणाला उठवायचं, हे पहिल्याच दिवशी धक्क्यावर विचारा. घरमालकालाही विचारा. खोली तळमजल्यावरचीच मागा. जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांना बाल्काँवच्या (दारापुढच्या ओसरीच्या) पायऱ्या असतात, त्या उंच असतात.

काणकोणकार

समुद्राचा भाग मी घेतो. शुक्रवार-शनिवार पाळोळ्याला राहा. पोहता न येणाऱ्यांसाठी आमच्याकडे तोच त्यातल्या त्यात सोपा किनारा. चंद्रकोरीसारखा उपसागर, दोन्ही टोकांना खडक, उतार सौम्य. दहा किलोमीटरवरचा आगोंद शांत आणि सुंदर आहे, पण पाणी लवकर खोल होतं आणि ओढ जबर असते. तिथे चालायला जा, डुंबायला नको. तळपण, गालजीबाग, मोबोर इथे नदी समुद्राला मिळते, त्या मुखाशी तर पाय ओले करण्यापुरतंच.

घाटावरून येणाऱ्यांची एक ठरलेली चूक असते. लाटा फुटताहेत तिथे भीती वाटते, म्हणून मुलांना घेऊन शेजारच्या ‘शांत’ पट्ट्यात उतरतात. दोन्हीकडे फेस आणि मधेच लाट न फुटणारा, गढूळसा पट्टा दिसला तर किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत जात असतं. माणसाला आत नेणारी ओढ तीच. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजून दम घालवू नये. तरंगत राहावं, हात वर करावा, जमलं तर किनाऱ्याला समांतर सरकावं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा, लाल झेंडा असेल तिथे अजिबात नाही. ९ वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या गुडघ्याइतकंच पाणी, आणि मोठा माणूस त्याच्या समुद्राकडच्या बाजूला उभा. सूर्यास्तानंतर कुणीच नाही.

आता भरतीचं गणित. कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. तो हिशेब मुंबईला जुळतो, गोव्यात पाऊण-एक तास आधी धरायचा. तुमच्या गुरुवारी चतुर्दशी: १४ची पाऊणपट साडेदहा, म्हणजे इकडे पावणेदहाच्या आसपास भरती. नदीत आत थोडी उशिरा पोचते, त्यामुळे चोडणच्या होडीसाठी साडेनऊपर्यंत पोचलात की झालं. सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज सगळं पाऊण-एक तास पुढे. हा अंदाज आहे. आदल्या दिवशी मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक मोबाइलवर बघून घ्या.

पौर्णिमेला धरून येताय त्याचा फायदा असा की संध्याकाळची ओहोटी मोठी मिळते. पाळोळ्याच्या उत्तर टोकाला काणकोण बेट आहे, पाणी उतरलं की तिथे चालत जाता येतं. म्हणजे शेवटी समुद्रातल्या बेटावर पाऊल ठेवायची हौस फिटेल! शनिवारी ओहोटी साधारण सव्वापाच-साडेपाचला. साडेचारला निघा, सव्वासहाला अलीकडे. पाणी चढायला लागलं की मधली वाट आधी बुडते आणि बेटावर असलेल्याला ते कळत नाही. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या लागतात, म्हणून मागे पट्टा असलेल्या चपला घाला. आईंना वाळूतच खुर्ची टाकून बसवा, खडकांवरून त्यांना नेऊ नका.

बोटीनं बटरफ्लाय बीच किंवा डॉल्फिन बघायला जायचं तर सकाळीच. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, लाटा उठतात आणि उलट्या सुरू होतात. पैसे देण्याआधी लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे ना, बकल लागतात ना ते बघा. मोठ्यांचं जॅकेट घातलेलं मूल पाण्यात पडलं तर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं.

आगोंद आणि गालजीबाग इथे नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवांचा मोसम. अंधार पडल्यावर त्या वाळूत टॉर्च, फ्लॅश, गोंगाट नको. दांडे रोवून जाळी लावलेली दिसली तर आत घरटं आहे असं समजा. गाडी तर कुठल्याच किनाऱ्यावर उतरवू नका. मनाई आहे, दंड होतो आणि वर रुतलेली गाडी ओढून काढायचे पैसे वेगळे.

कोल्हापूरची_मंडळी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांचा आग्रह आहे म्हणून दिवाडीच्या दोन रात्री ठेवतोय, तळमजला बघून. कच्चा आराखडा असा:

बुधवार: दुपारी दिवाडीत सामान टाकून आराम.
गुरुवार: माशेलकारांचा गोल.
शुक्रवार: सकाळी जुने गोवे आणि तिथलं संग्रहालय, मग मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही देवळं, संध्याकाळी पाळोळे.
शनिवार: सकाळी दूधसागर किंवा ग्रँड आयलंड, संध्याकाळी काणकोण बेट.
रविवार: परत.

काही चुकतंय का?

माशेलकार

दोन ठिकाणी. जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. आणि बुधवारी तुम्ही जुन्या गोव्यावरूनच फेरी धरणार आहात, मग तो भाग तेव्हाच उरका. पहाटे पाचला निघून आंबोलीमार्गे आलात तर दुपारी पोचाल. जेवून आधी संग्रहालय, ते लवकर बंद होतं. मग से कॅथेड्रल, शेवटी बॉम जेजू चर्च. तिन्ही एकमेकांपासून चालत पाच-सात मिनिटांत, सपाट जागा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, तेच पुढे देवळांतही चालतात. मुलांच्या हाफ पँटवरून दारातच अडवतील. सहाच्या आधी फेरी गाठा.

शुक्रवार मग मोकळा होतो. बाणस्तारीहून थोडं आत माशेलला वळून देवकीकृष्णाचं देऊळ करा. तो देव मूळचा चोडणचा, म्हणजे आदल्या दिवशी बघितलेल्या बेटाचा. मंगेशीचा मंगेश कुठ्ठाळीचा, कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. सगळीच दैवतं सोळाव्या शतकात अशी नदीपलीकडे आली. तीनपेक्षा जास्त देवळं एका दिवसात मुलांच्या अंगावर टाकू नका. फोंड्यात जेवा आणि दोनला निघा. मडगाव ते पाळोळे साधारण ४० किमी, रस्ता वळणांचा, अंधारात नको.

काणकोणकार

शनिवारचे दोन्ही बेत गाळा. दूधसागर कुळ्याहून जीपनं, खडबडीत रस्ता, वर खडकांतून चालणं. आईंना जमणार नाही आणि जानेवारीत धारही बारीक झालेली असते. ग्रँड आयलंडच्या बोटी उत्तरेकडून आणि वास्कोच्या बाजूनं सुटतात. पाळोळ्याहून तिथे जाऊन यायचं तर दिवस रस्त्यात जातो. शिवाय मांडवी-झुवारीचा गाळ तिथवर येतो, पाणी अंदमानसारखं नितळ नसतं. पोहता न येणाऱ्या मुलांचा बहुतेक वेळ बोटीच्या कठड्याला धरून जाईल. तेवढ्या पैशात सकाळी पाळोळ्याहून तासाभराची बोट करा, दुपारी झोपा, साडेचारला बेट.

शॅकमध्ये (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात) मासा मागवताना नगाचा भाव की वजनाचा ते विचारा, आणि वजनाचा असेल तर काटा समोर ठेवायला सांगा. इसवण, चणक मोठे असतात, सहाजणांत एक पुरतो.

रविवारी पाळोळ्याहून सातच्या आत निघा. मडगाव आणि पुढे फोंडा सकाळी मोकळे सापडतात. घाट कुठलाही घ्या, पण चोर्ला घेणार असाल तर रस्त्याची स्थिती शनिवारी रात्री विचारून ठेवा.