मदत हवी आहे: स्टार्क अनुनादाची रुंदी राउंडिंगच्या चुकीत बुडते

हायड्रोजनची मूळ अवस्था, स्थिर विद्युतक्षेत्र फ, अणु-एकके. क्षेत्र कितीही क्षीण असलं तरी आयगेनमूल्य (बद्ध अवस्थेची ठराविक ऊर्जा) टिकत नाही. वर्णपट अख्खी वास्तव रेषा व्यापतो आणि उरतो तो फक्त अनुनाद, म्हणजे हळूहळू आयनित होणारी अवस्था; तिची ऊर्जा संमिश्र असते आणि रुंदी (क्षयाचा दर) तिच्या काल्पनिक भागावरून मिळते. कॉम्प्लेक्स स्केलिंग (निर्देशक संमिश्र प्रतलात थीटा कोनाने फिरवणं) वापरलंय, थीटा ०.३ रेडियन.

फ = ०.०३ ला रुंदी १०^−८ च्या घरात, म्हणजे (४/फ)·ई^(−२/(३फ)) या सूत्राला धरूनच येते. फ = ०.०१५ ला मात्र ती १०^−१७ च्या आसपास हवी; डबल प्रिसिजनमध्ये −०.५ या मूळ अवस्थेच्या ऊर्जेशेजारी ती दिसणारच नाही. थीटा जरा हलवला की काल्पनिक भागाचं चिन्हच उलटतं. बेसिस वाढवून उपयोग नाही, कारण ऑपरेटर नॉर्मल नसल्यामुळे (त्याचे आयगेनसदिश एकमेकांना लंब नसतात) राउंडिंगची चूक आणखी फुगते.

क्वाड प्रिसिजन घ्यावं, की पॅराबोलिक निर्देशकांत चलं वेगळी करून बाहेर जाणाऱ्या प्रवाहावरून रुंदी काढावी? दुसऱ्या वाटेत प्रवाह, इलेक्ट्रॉन ज्यातून टनेल होतो त्या बॅरियरच्या पलीकडे, नेमका किती अंतरावर मोजता?