अनुभव धागा : गोव्यातून सायबर सुरक्षा विश्लेषकाचे काम

गोव्यात राहून हे काम करणाऱ्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती. पगार आणि प्रमाणपत्रे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. पाळीत बसल्यावर प्रत्यक्षात काय करावे लागते, तेवढेच येथे हवे आहे. आस्थापनाचे नाव कृपया देऊ नये.

पर्वरी, रात्रपाळी

माझा बहुतेक वेळ संगणकांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीने दिलेले निरुपद्रवी इशारे बंद करण्यात जातो. विंडोजच्या नोंदींत एकाच खात्यावर लागोपाठ ४६२५ हा क्रमांक, म्हणजे फसलेले लॉगिन, दिसला की बहुधा कोणीतरी पासवर्ड बदललेला असतो आणि जुना कुठेतरी साठवलेला राहिलेला असतो. मात्र एकाच इंटरनेट पत्त्यावरून (आयपी) अनेक खात्यांवर एकेकच प्रयत्न होत असेल, तर कोणतेही खाते लॉक होत नाही आणि हल्ला सहज नजरेतून सुटतो. त्यानंतर त्याच पत्त्यावरून ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन, आले की वरिष्ठांना झोपेतून उठवण्यात मी संकोच करीत नाही.

मडगाव, हॉटेलांसाठी काम

पर्यटनाच्या हंगामात स्वागतकक्षाला ‘पाहुण्याची तक्रार’ म्हणून ईमेल येते. त्यातील दुव्यावर ‘मी रोबोट नाही’ असे सिद्ध करण्यासाठी विंडोज आणि आर ही बटणे दाबून काहीतरी पेस्ट करण्यास सांगितलेले असते. ते ‘काहीतरी’ म्हणजे पासवर्ड चोरणारा हानिकारक प्रोग्रॅम उतरवून घेणारी आज्ञा असते. चोरलेल्या पासवर्डने हल्लेखोर बुकिंगच्या खात्यात शिरतात आणि खऱ्या पाहुण्यांना, त्यांच्या खऱ्या तारखा देऊन, पुन्हा पैसे भरायला सांगतात. कर्मचाऱ्याला दोष देणारे व्यवस्थापक मला पटत नाहीत, कारण अनोळखी माणसाची ईमेल उघडणे हेच त्याचे काम आहे. आम्ही त्या संगणकांवर या दोन बटणांनी उघडणारी, आज्ञा चालवणारी ‘रन’ खिडकीच बंद केली आणि बुकिंगच्या खात्यांना द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा मागणारी सोय, लावली.

वेर्णा, औषधनिर्मिती

यंत्रांना जोडलेले जुने संगणक अद्ययावत करायचे, तर संपूर्ण प्रणालीचे प्रमाणीकरण, म्हणजे ती ठरल्याप्रमाणेच चालते हे तपासून नोंदवणे, पुन्हा करावे लागू शकते. म्हणून त्यांना वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवून त्या सीमेवर पहारा देणे, एवढेच आमच्या हाती उरते.

पणजी

‘सर्ट-इन’ या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवाव्या लागतात आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. चवथीच्या सुट्टीत निम्मे सहकारी गावी असताना हे ६ तास फारच तोकडे वाटतात, म्हणून अहवालाचा मसुदा आणि दूरध्वनींची यादी आम्ही आधीच तयार ठेवतो. खरा वेळ खातात ती घड्याळे : फायरवॉल (नेटवर्कमधील ये-जा तपासणारी यंत्रणा) जागतिक प्रमाणवेळ लिहीत असेल आणि सर्व्हर भारतीय वेळ, तर फायरवॉलच्या प्रत्येक ओळीत साडेपाच तास मिळवल्याशिवाय घटनाक्रम लागत नाही. नव्या ग्राहकाकडे गेल्यावर मी सर्वप्रथम सर्व यंत्रांची वेळ तपासतो.