ओजसचा पीसी: एफवाला की बिनाएफचा?

देशपांडे काकू (ए-१०४): नमस्कार मंडळी, जरा वेगळा प्रश्न आहे. ओजस लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलाय, फोटो व्हिडिओ दोन्ही, आणि त्याच्या लॅपटॉपवर काही म्हणजे काही चालेना, परवा एका मुंजीचा व्हिडिओ करताना रात्री ३ पर्यंत पंखा घोंघावत होता. लॅमिंग्टन रोडवरून कोटेशन आणलंय पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. प्रोसेसर इंटेलचा आय फाइव्ह १३४००एफ, १६ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०६०. ठीक आहे का? पैसे ह्यांच्या पीपीएफमधून निघणारेत म्हणून विचारते

कुलकर्णी काका (बी-२०१): आय नाइन घ्या वहिनी. एकदाच काय ते मोठं घ्यावं, १० वर्षं बघायला नको

सावंत (सी-४०२): काका एएमडीचा रायझन ९ सांगा, १६ कोअरपर्यंत मिळतो, म्हणजे एकाच प्रोसेसरमध्ये १६ जण कामाला

कुलकर्णी काका: आमच्या ऑफिसात सगळे इंटेलच होते, कधी तक्रार नाही

सावंत: ऑफिसात तुम्ही एक्सेल चालवत होता काका 😄

रोहन (बी-५०२): काकू थांबा, पैसे देऊ नका अजून. ओजस, कॅमेरा कुठला आणि शूट कशात करतोस ते आधी सांग, प्रोसेसरचं नंतर

ओजस (ए-१०४): दादा सोनी ए६७००. ४के, १० बिट ४:२:२, एक्सएव्हीसी एस, २५ फ्रेम

रोहन: मग ते कोटेशन परत पाठव. सविस्तर सांगतो, टाइप करतोय

सेक्रेटरी: सी विंगची टाकी उद्या ११ ते १ साफ होणार आहे, पाणी भरून ठेवावे.

रोहन: हां तर. १३४००एफ मधला एफ म्हणजे त्या चिपमध्ये ग्राफिक नाही, म्हणून थोडी स्वस्त पडते. गेमिंगवाल्यांना चालतं कारण त्यांच्याकडे वेगळं कार्ड असतंच. पण इंटेलच्या त्या आतल्या ग्राफिकमध्येच क्विक सिंक असतं, व्हिडिओ उलगडायचं वेगळं सर्किट, आणि ११व्या जनरेशनपासून ते एच २६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) मधला १० बिट ४:२:२ उलगडतं. ३०६० कार्डला ते जमत नाही, ते बनवणाऱ्या एनव्हिडियामध्ये ४:२:२ थेट ५० सिरीजच्या कार्डांपासून आलं. म्हणजे या कोटेशनमध्ये प्रोसेसरला पण येत नाही आणि कार्डला पण येत नाही, सगळा भार कोअरवर, आणि टाइमलाइन अडखळणार ती अडखळणारच

देशपांडे काकू: उलगडायचं म्हणजे काय रे?

रोहन: काकू तुम्ही भिशीची वही ठेवता ना. समजा दर महिन्याला पूर्ण शिल्लक न लिहिता फक्त फरक लिहिला, हिने ५०० दिले, तिने २०० नेले. वही बारीक राहते, पण कोणी मधेच विचारलं की मार्चमध्ये शिल्लक किती, तर मागच्या पूर्ण आकड्यापासून बेरीज करत यावं लागतं. एच २६४ आणि २६५ असंच आहे, मधल्या बऱ्याच फ्रेममध्ये नुसता फरक असतो. ओजस एडिट करताना सारखा मागे पुढे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला ही बेरीज. आणि ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती मोबाइलच्या ४:२:० पेक्षा दुप्पट

देशपांडे काकू: आत्ता कळलं. पहिल्यांदाच कळलं

कुलकर्णी काका: म्हणजे आय नाइन घेतला तर बेरीज लवकर होईल. मी तेच म्हणत होतो

रोहन: होईल काका, पण आय नाइन एफ घेतला तर एवढे पैसे घालूनही हे काम कोअरच करत बसणार, आणि तेच साधा बिनाएफचा आय फाइव्ह हातासरशी करतो. मी ओजसच्या जागी असतो तर १३५०० किंवा १४५०० घेतला असता. १४ कोअर, आणि ग्राफिक यूएचडी ७७०, त्यात व्हिडिओची दोन इंजिनं आहेत. साध्या १३४०० मध्ये ७३० असतं, त्यात एकच

सावंत: आणि रायझन काय वाईट आहे मग?

रोहन: वाईट अजिबात नाही, रायझन ९ एक्सपोर्टला आणि जड इफेक्टला मस्तच, वर एएम५ सॉकेटला (बोर्डवर प्रोसेसर बसायची जागा) २०२७ च्या पुढेपर्यंत सपोर्ट देऊ म्हणून एएमडीने सांगितलंय, बोर्ड न बदलता पुढचा प्रोसेसर बसेल. फक्त त्यांच्या आतल्या ग्राफिकला हे ४:२:२ येत नाही. ५० सिरीजचं कार्ड सोबत घेणार असशील तर बिनधास्त रायझन घे, मग एफ बिएफचा प्रश्नच मिटला. पण पीपीएफ बघून बोलतोय मी

ओजस: दादा ॲपलचा मॅक मिनी कसा? एम४ चिपवाला

रोहन: चांगलाय, २०२४ ला आला तेव्हा ५९,९०० पासून होता आणि ४:२:२ लोण्यासारखं चालतं. पण त्या किमतीत स्टोरेज २५६ जीबी, एका लग्नात भरेल, बाहेरून एसएसडी लावावी लागेल. आणि रॅम नंतर वाढवता येत नाही, १६ म्हणजे १६. मला स्वतःला ते खटकतं, तुला नसेल खटकत तर घे

रोहन: अजून एक, हे दुकानात कोणी सांगणार नाही. तुझ्या कॅमेऱ्यातला एक्सएव्हीसी एस हा एच २६४ आहे, आणि एच २६४ मधला ४:२:२ मी सांगितलेल्या इंटेलला पण उलगडत नाही. एक्सएव्हीसी एचएस वर ये, तो २६५. फक्त एचएस मध्ये ४के ला २५ फ्रेम नाही, ५० ने शूट करावं लागेल, कार्ड जास्त भरतं. नाहीतर प्रॉक्सी बनव, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या कॉपी, रात्री लावून झोप, सकाळी तयार. मी पहिली दोन वर्षं प्रॉक्सीवरच काढली, प्रोसेसर बदलायला पैसे होते कुठे

ओजस: २५ साठीच एस ठेवला होता मी 🙈

निकम ताई (सी-१०१): रोहन फोटोंसाठी पण हाच चालेल ना? माझ्या भाच्याला फक्त फोटो करायचेत

रोहन: ताई फोटोंना तर इतकं पण नको. फोटोशॉपला थोडे पण वेगवान कोअर लागतात, १६ कोअरमधले बरेचसे बसूनच राहतात. लाइटरूममधून ८०० फोटो एकदम एक्सपोर्ट करताना जास्त कोअर उपयोगी पडतात, आणि फोटोतले दाणे काढणारा तो एआय डीनॉइज आहे ना तो ग्राफिक कार्डवर चालतो. उरलेले पैसे रॅममध्ये घाला, ३२ करा. ओजस तू पण, १६ नको

सावंत: इंटेलच्या १३व्या १४व्या जनरेशनचा काहीतरी लोचा झाला होता ना?

रोहन: हो, व्होल्टेजचा, २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं, मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी २ वर्षं वाढवली. जास्त करून वरच्या मॉडेलना झालं. सेकंड हँड घेऊ नकोस, आणि विंडोज टाकायच्या आधी बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून घे दुकानातच. बायोसमध्ये आतलं ग्राफिक चालू आहे का ते पण बघ, वेगळं कार्ड लावलं की बऱ्याच बोर्डवर ते आपोआप बंद होतं, मग क्विक सिंक असून नसल्यासारखं

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. कृपया पर्सनलवर बोलावे.

देशपांडे काकू: झालंच हो भाऊ. रोहन, दुकानदाराला एवढंच सांगते, एफ नको, १३५०० किंवा १४५००, रॅम ३२. बरोबर?

रोहन: बरोबर काकू. तो म्हणेल एफच घ्या, ग्राफिक कार्ड आहे ना सोबत. ऐकायचं नाही

सेक्रेटरी: बाय द वे ओजस, गणपतीचा मिरवणुकीचा व्हिडिओ कोणीतरी एडिट करून हवा आहे, ४० क्लिप्स आहेत. नवीन मशीन आल्यावर करशील का?

रोहन: मोबाइलवरच्या आहेत ना त्या? मग जुन्या लॅपटॉपवर पण होतील, आजच द्या त्याला

ओजस: दादा 😭