मदत हवी आहे: 'स्टे' म्हणजे राहणं की थांबणं?

मंडळी, शंका साधीच आहे पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. मी मँचेस्टरला असतो, सव्वा वर्ष झालं. परवा ऑफिसात नवीन आलेल्या इंग्लिश बाईंनी विचारलं कुठे राहतोस, मी आपलं पुण्यातल्या सवयीने 'आय स्टे इन सॅलफर्ड' म्हणालो तर म्हणे मग परत कधी जाणार? त्यांना वाटलं हॉटेलात उतरलोय!! शेजारी बसणारा ग्लासगोचा पोरगा मात्र म्हणाला आमच्याकडे असंच म्हणतात, चुकलं काय त्यात.

आता मूळ अर्थ नक्की कुठला? कोर्टाचा स्टे म्हणजे तर काम बंद (आमच्या सोसायटीच्या पार्किंगवर चार वर्षं आहे, तिथे तो एकटाच राहतो). शिवाय शिडाच्या जहाजात डोलकाठी ताणून धरणारा दोर असतो तोही स्टे. आणि स्थगितीतला 'स्थ' म्हणजे हाच का? जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद १:
चूक अशी नाही, पण इंग्लंडात घर असेल तर लिव्ह, स्टे म्हणजे मुक्काम. स्कॉटलंडात आणि आपल्याकडे कायमच्या राहण्यालाही स्टे चालतं. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्यामागे लॅटिन 'स्तारे', म्हणजे उभं असणं. चालताचालता उभे राहिलात की थांबलात, थांबलात की रात्रीचा मुक्काम पडला, असं ते सरकत गेलं, कोर्टाचा स्टे थांबण्यापाशीच राहिला. आपलं 'राहणं' तरी काय वेगळं आहे, उभा राहा, राहू दे, पुण्यात राहतो, मीठ घालायचं राहिलं... दोराचा स्टे मात्र निराळा, तो जुना जर्मानिक शब्द, उच्चार तेवढा जुळला.

प्रतिसाद २:
स्तारेचा संस्कृतातला भाऊ म्हणजे स्था, त्यातून स्थान, स्थिर, आपलं ठाणं. पण स्थगिती त्या घरातली नाही हां! ती 'स्थग्' धातूची, अर्थ झाकणं, लपवणं. त्याच धातूवरून स्थग म्हणजे लबाड माणूस, त्याचाच पुढे ठग झाला, आणि इंग्रजांनी तो नेऊन थग केला.

धागाकर्ता:
म्हणजे स्थगिती आणि ठग सख्खी भावंडं? आजच सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. दोघांचेही आभार. त्या बाईंना 'लिव्ह' म्हणून सांगितलं, आता भाडं किती ते विचारतायत.