मदत हवी आहे: कथलाच्या खाणीतला खापरपणजोबा, एकाच गावात दोन जॉन

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी प्लिमथला असते. नवरा इथलाच, सासऱ्यांचं घराणं मूळचं कॉर्नवॉलचं, रेडरूथच्या शेजारच्या ग्वेनॅप पॅरिशमधलं (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग). सासरे ऐंशीच्या पुढे गेलेत आणि त्यांचा एकच धोशा, माझा खापरपणजोबा कथलाच्या खाणीत होता एवढं माहितीये, तो कोणाचा मुलगा ते शोधून दे. मी पण मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं, कारण आमचं कूळ त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत दहा मिनिटांत सापडलं होतं. बाबांनी गाव-आडनाव सांगितलं, गुरुजींनी वही उघडली, पणजोबांची सही समोर! इथे दीड वर्ष झालं, अजून चाचपडतेय.

आत्तापर्यंत हाताला लागलेलं सांगते. १८५१ च्या जनगणनेत जॉन, वय ५८, टिन मायनर म्हणजे कथलाच्या खाणीतला कामगार, जन्म ग्वेनॅप. १८४१ ची जनगणना वयासाठी कुचकामी, कारण पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची असा नियम होता, म्हणजे ४८ चा माणूस ४५ चा होतो, आणि जन्मगावाऐवजी नुसतं याच काउंटीतला का, हो किंवा नाही. लग्न १८१६ चं, पण लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव लिहायला लागले ते १८३७ च्या जुलैपासून, त्यामुळे तिथेही बोंब. सहीच्या जागी फुली आहे. आपल्याकडच्या जुन्या कागदांत निशाणी नांगराची तरी असायची, इथे सगळ्यांची तीच फुली.

आता खरी गोची. बाप्तिस्म्याच्या वहीत त्याच आडनावाचे दोन जॉन आहेत, एक १७९० चा आणि एक १७९३ चा. दोघांच्या बापाचं नाव विल्यम! एकाची आई मेरी, दुसऱ्याची एलिझाबेथ. बापाचा धंदा लिहायचा रकाना छापील वह्यांत १८१३ पासून आला, त्याआधीच्या या नोंदींत धंद्याचा पत्ताच नाही.

त्यात माझा स्वतःचा गाढवपणा. जॉनच्या मुलांचे बाप्तिस्मे १८१३ नंतरचे, म्हणजे रकाना आहे, पण पैसे भरून घेतलेल्या एका साईटच्या सूचीत धंदा 'टॅनर' लिहिला होता. कातडी कमावणारा हा कोणी वेगळाच म्हणून मी वर्षभर तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी मूळ पानाचा फोटो मोठा करून बघितला तर i या अक्षराचा ठिपका सरकून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसलाय, तो टिनर, म्हणजे कथलवालाच आहे. सूचीवर विसंबून राहू नका बायांनो.

आणि आता एक कोर्टाचा कागद मिळालाय. कथलवाल्यांची स्वतःची कोर्टं असायची, स्टॅनरी कोर्ट म्हणतात, १८९६ ला बंद झाली. कागद रेडरूथच्या क्रेसेन केर्नो या दप्तरखान्यात आहे, जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत, छान जागा आहे. अर्ज १८३९ चा. चार जणांनी मिळून खाणीतला एक तुकडा ट्रिब्यूटवर घेतला होता, म्हणजे निघालेला माल विकला की पौंडामागे ठरलेले इतके शिलिंग कामगारांचे, आणि मालकांनी पैसे थकवले. चौघांत आपला जॉन आणि त्याच आडनावाचा एक हेन्री.

तर प्रश्न असे, की या अर्जावरून बाप कसा काढायचा, आणि कोर्टात टिनर लिहिलंय म्हणजे तो नक्की कथलाचाच ना? सासऱ्यांना दुसऱ्या प्रश्नाचीच फार चिंता आहे.

प्रतिसाद १:
दुसऱ्याचं आधी सांगतो, नक्की नाही. ग्वेनॅप त्या काळात तांब्यासाठी गाजलेलं होतं, आणि १८३६ च्या कायद्याने स्टॅनरी कोर्टाचा अधिकार कथलाबरोबर बाकीच्या धातूंवरही आला, त्यामुळे १८३९ चा अर्ज म्हणजे कथीलच असं होत नाही. शिवाय जुन्या कोर्टाच्या कागदांत टिनर हा एक हक्क होता, कथलाच्या धंद्यात हितसंबंध असला की टिनर, मग हातात पहार असो नसो. सासऱ्यांना हे जपून सांगा :)
पहिल्याचं, अर्जावर थांबू नका. सोबत शपथेवरची जबानी जोडलेली आहे का बघा, नाती तिथे निघतात.

प्रतिसाद २:
ताई, मृत्युपत्रं पाहिलीत का? एक्सेटरला ठेवलेली पुष्कळ मृत्युपत्रं १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, पण कॉर्नवॉलच्या आर्चडीकनच्या (चर्चचा एक वरिष्ठ अधिकारी) कोर्टातली बरीचशी वाचली आहेत. आणि तुम्ही दोन आया म्हणजे दोन कुटुंबं असं धरून चाललाय. विल्यम बिजवर असेल तर?

धागाकर्ती:
दोघांचे आभार. गुरुवारी परत रेडरूथला जाऊन आले. फोमच्या उशीवर गठ्ठा ठेवून, पानं दाबायला मण्यांच्या माळेसारखी वजनं देतात, त्यात माझा अर्धा तास नुसता पानं सरळ करण्यात गेला. जबानी आहे! वय कुठेच नाही, पण तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलंय, मी आणि माझा भाऊ हेन्री. हेन्रीचा बाप्तिस्मा १७९६ चा, आईबाप विल्यम आणि एलिझाबेथ. म्हणजे आपला जॉन १७९३ चा, आणि १८५१ मधल्या ५८ शी ते बसतं.

घरी येऊन बिजवराची शंका डोक्यातून जाईना म्हणून लग्नाची वही काढली. विल्यम आणि एलिझाबेथ, १७९२, आणि त्याच्या नावापुढे विधुर. म्हणजे दोन विल्यम नसून बहुतेक एकच, आणि मेरीचा जॉन लहानपणीच गेला असणार, म्हणून तेच नाव पुन्हा ठेवलं. तेव्हा इथे गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला सर्रास द्यायचे, आपल्याकडे आजोबांचं देतात तसं.

आता मेरीचं आणि त्या बाळाचं दफन सापडायला हवं, त्याशिवाय मी वंशावळीत शाईने लिहिणार नाही. ग्वेनॅपच्या वहीत १७९० ते ९२ ची पानं ओल लागून पुसट झालीत. वहीची नक्कल दरवर्षी बिशपकडे जायची म्हणतात, ती या वर्षांची कोणी पाहिली आहे का? आणि बाळंतपणाला बायका माहेरी जायच्या तशा तिकडेही जात असतील तर शेजारच्या की (Kea) आणि स्टिथियन्स या पॅरिशांच्या वह्याही बघू का?

तांब्याचं सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाहीये.