मदत हवी आहे: शेततळ्यात चालवायला रिमोटची बोट कोणती घ्यावी?

शेततळं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, प्लास्टिकचा कागद अंथरलेला. एका कोपऱ्यात शेवाळ आहे. चालवणार मी आणि दहा वर्षांची भाची. बजेट सात-आठ हजार. ब्रशलेस मोटरची (आत ब्रश नसलेली, जास्त वेगाची मोटर), ताशी ४० किमीवाली बोट पाहून ठेवली आहे. घेऊ का?

प्रतिसाद १
ती नका घेऊ. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. तुमचं तळं तीन सेकंदांत संपेल आणि बोट काठावर आदळेल. शिवाय धातूचा पंखा कागद फाडू शकतो, आणि कागद फाटला की पाणी झिरपायला लागतं.
३०-३५ सेंमी लांबीची, साध्या ब्रश्ड (आत ब्रश असलेल्या) मोटरची, ताशी १५-२० किमीची बोट भरपूर झाली. पंखा प्लास्टिकचाच बघा. रिव्हर्स हवाच, जोरात पळणाऱ्या बऱ्याच बोटींना तो नसतो आणि त्या काठाला लागल्या की तिथेच अडकतात. उलटली तर आपोआप सरळ होणारी मिळाली तर उत्तम. थ्रॉटल, म्हणजे रिमोटवरचं वेगाचं बटण, दाबू तेवढाच वेग देणारं असावं. नुसतं चालू-बंद असेल तर मुलांना वळवताच येत नाही.
उरलेल्या पैशांत जादा बॅटरी आणि दोन पंखे घ्या.

प्रतिसाद २
शेवाळाचा कोपरा टाळा. तंतू पंख्याला गुंडाळले की मोटर अडते, करंट वाढतो आणि स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जळू शकतो. आवाज बसला, वेग पडला की थ्रॉटल लगेच सोडा, क्षणभर रिव्हर्स द्या, तरी सुटलं नाही तर हळूहळू काठाला आणा. मोटर पाण्याने थंड होणारी असेल तर बाजूच्या भोकातून बारीक धार येते. ती थांबली म्हणजे नळी तुंबली.
बऱ्याच बोटींच्या तळाला दोन धातूचे ठिपके असतात. ते पाण्यात बुडाल्याशिवाय पंखा फिरत नाही, त्यामुळे घरात "बंद आहे" म्हणून परत करू नका, बादलीत धरून बघा.
खेळून झालं की झाकण उघडून आत पुसा आणि शाफ्टला (मोटर आणि पंखा जोडणाऱ्या दांड्याला) वॉटरप्रूफ ग्रीस लावा. बॅटरी लिपो (लिथियम-पॉलिमर) असेल तर गार झाल्यावरच चार्ज करा. ठेवून द्यायची असेल तर बॅटरीतल्या प्रत्येक सेलमागे ३.८ व्होल्टवर, म्हणजे साधारण अर्धी चार्ज ठेवा. फुगलेली पुन्हा वापरू नका.

प्रश्नकर्ता
दोघांचे आभार, छोटी ब्रश्डच घेतो. मध्येच बंद पडली तर?

प्रतिसाद १
पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. ओला कागद इतका निसरडा असतो की उतारावरून वर चढता येत नाही. ४०-४५ मीटर दोरी घ्या, दर दोन मीटरला झाकण लावलेली रिकामी बाटली बांधा. समोरासमोरच्या काठांवरून दोघांनी टोकं धरून चालायचं, बोट आपोआप पुढे ढकलली जाते. दोघेही मोठेच हवेत. भाचीला लाइफ जॅकेट घाला आणि तिला कुंपणाजवळ उभी करा, तिथूनही रिमोटची रेंज पुरते. कुणी पडलंच तर धरून वर यायला काठाला गाठी मारलेला एक दोर खुंटीला पक्का बांधून पाण्यात सोडलेला असू द्या.