दिवाळीच्या तेलावरून निघालेली जीएमची चर्चा

सचिव, ए विंग : दिवाळीसाठी तेलाचे डबे एकत्र मागवण्याचा विषय काल रात्रीपासून जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या, अन्नाच्या वादात अडकला आहे. ज्यांना मत मांडायचे आहे त्यांनी ते एकदाच, सविस्तर आणि व्यक्तिगत न होता मांडावे, ही विनंती.

बी-२०४ : सचिवसाहेब, मी लिहिते. काल डॉक्टरकाका म्हणाले की जीएमला विरोध करणारे परंपरावादी आणि विज्ञानविरोधी असतात. त्यावर सी विंगमधील मावशींनी लिहिले की जीएमची बाजू घेणारे कंपन्यांचे हित पाहतात. या दोन्ही विधानांवर माझा आक्षेप आहे, कारण आपल्याकडचा इतिहास या खणांत बसत नाही. बीटी वांग्याला, म्हणजे अळी मरावी म्हणून जिवाणूचे जनुक घातलेल्या वांग्याला, ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने मान्यता दिली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी काँग्रेसचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती आणली. पुढे मार्क्सवादी खासदार बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने २०१२ मध्ये शेतातील चाचण्या थांबवण्याची शिफारस केली, तर जीएम मोहरीला ठाम विरोध करणाऱ्यांत संघपरिवारातील स्वदेशी जागरण मंचही आहे. उलट शरद जोशींची शेतकरी संघटना खुल्या बाजाराची पुरस्कर्ती म्हणूनच तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागत आली, आणि २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे तिच्या कार्यकर्त्यांनी बंदी असलेल्या एचटीबीटी, म्हणजे तणनाशकही सहन करणाऱ्या बीटी, कापसाची उघडपणे लागवड केली. यांत पुरोगामी कोण आणि सनातनी कोण, हे डॉक्टरकाकांनीच सांगावे. अमेरिकेतही हवामानबदलाच्या प्रश्नावर दोन पक्षांत मोठी दरी आहे, परंतु जीएम अन्नाविषयी प्यू रिसर्च सेंटर या जनमत पाहणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या पाहणीत दोन्हींच्या समर्थकांत फारसा फरक दिसला नाही.

माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जात आहेत. खाण्यास सुरक्षित आहे का, हा विज्ञानाचा प्रश्न आहे, आणि त्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये मंजूर पिके आरोग्याला अधिक धोकादायक असल्याचा पुरावा मिळाला नाही, असा निष्कर्ष दिला आहे. बियाणे कोणाच्या मालकीचे आणि त्याची किंमत कोणी ठरवायची, हा अर्थकारणाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. माझ्या भावाचा कापूस माजलगावकडे असतो. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाल्यानंतर पहिली काही वर्षे फवारण्या खरोखर कमी झाल्या, हे त्याने अनुभवले आहे. पण बीटीच्या पिशवीसोबत नॉन-बीटी बियाण्याची जी छोटी पिशवी मिळे, ती शेताच्या कडेने लावण्याचे महत्त्व शेतकऱ्यांना कोणी धड समजावले नाही. अळीला प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून ती तरतूद होती. ती मोडली, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, तेव्हा भावाचे पीकही हातचे गेले. हा दोष जनुकाचा म्हणावा की ते विकणाऱ्या व्यवस्थेचा, याचा विचार मावशींनी करावा.

आता तेलाविषयी. भारतात लागवडीसाठी सर्वत्र रूढ असलेले जीएम पीक केवळ कापूस आहे, त्यामुळे शेंगदाणा आणि करडईचे तेल याबाबत शंकेला जागा नाही. सरकीचे तेल मात्र बीटी कापसाचे असते, आणि अर्जेंटिना-ब्राझीलमधून येणारे सोयाबीन तेलही बहुतांशी जीएम सोयाबीनचेच असते. रिफाइन केल्यावर त्यात प्रथिने आणि डीएनए जवळजवळ उरत नाहीत. आमच्या घरासाठी शेंगदाणा तेलाचा एक आणि सोयाबीनचा एक डबा लिहून घ्यावा.

सी-१०१ : ताई, मालकीचे म्हणणे मला पूर्ण पटले, सुरक्षिततेचे अजून पटलेले नाही. बीटी कापसाच्या सरकीची पेंड म्हशींना गेली वीस वर्षे चारली जात आहे आणि आपण त्यांचेच दूध पितो, हे माझ्या लक्षात आले नव्हते, हे मात्र मान्य करते. आमच्यासाठी फक्त करडईचा डबा लिहावा.